वाचकांचे प्रश्न : उसाच्या मळ्यातला किल्ला

प्रश्न : मुलगा गेन्सव्हिलच्या विद्यापीठात शिकत असल्यामुळे गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता काही आठवडे फ्लोरिडात होतो. तेथून ओकालाकडे जाताना मिकॅनोपी हे जुने, टुमदार गाव लागते. तेथे सेमिनोल युद्धाची माहिती वाचताना ‘फोर्ट ड्रेन’ हे नाव वारंवार आले. मात्र हा किल्ला नेमका कोठे होता, हे कोणाला धड सांगता आले नाही. इतक्या लढायांच्या वर्णनात ज्याचे नाव येते तो किल्ला वर्षभरही टिकला नाही, हे कसे? तो कोणी जिंकला आणि कोणी पाडला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फोर्ट ड्रेन कोणी जिंकून घेतला नव्हता. 1836 च्या जुलै महिन्यात अमेरिकी लष्कराने तो आपण होऊन सोडला आणि त्याचे मुख्य कारण ताप हे होते. मात्र एवढ्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, कारण हे ठाणे ज्या जागी उभे राहिले ती जागा निवडण्यातच त्याच्या अल्पायुष्याचे बीज होते.

गेन्सव्हिलहून मिकॅनोपीला जाताना आपण पेन्स प्रेअरी नावाचे विस्तीर्ण गवताळ मैदान ओलांडले असेल. अठराव्या शतकाच्या मध्यापासून या परिसरात सेमिनोल या आदिवासी लोकांची गावे आणि गुरांचे मोठमोठे कळप होते. 1821 मध्ये स्पेनकडून फ्लोरिडा अमेरिकेकडे आला आणि दोनच वर्षांनी, 1823 मध्ये, मोल्ट्री क्रीकच्या तहाने सेमिनोलांना उत्तरेकडील सुपीक जमिनी सोडून द्वीपकल्पाच्या मध्यभागातील राखीव प्रदेशात जावे लागले. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी एजंटाच्या कचेरीजवळ, म्हणजे आजच्या ओकाला शहरात, 1827 मध्ये फोर्ट किंग उभारण्यात आला. 1830 मध्ये आदिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा झाला आणि 1832 मध्ये पेन्स लँडिंगच्या करारावर काही सेमिनोल प्रमुखांच्या निशाण्या घेण्यात आल्या. हा करार आपल्याला मान्य नाही, किंबहुना त्याचा अर्थच आपल्याला वेगळा सांगण्यात आला होता, असे बहुतेक सेमिनोलांचे म्हणणे होते. सरकारने ते ऐकून घेतले नाही.

याच काळात फ्लोरिडातील फौजेचा प्रमुख होता डंकन लॅमाँट क्लिंच. हा माणूस सेमिनोलांना आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या काळ्या लोकांना चांगलाच ठाऊक होता, कारण 1816 मध्ये अपॅलाचिकोला नदीकाठच्या तथाकथित ‘निग्रो फोर्ट’वरील हल्ल्याचे नेतृत्व त्यानेच केले होते. त्या हल्ल्यात तापवलेला तोफगोळा दारूकोठारावर पडून झालेल्या स्फोटात पळून आलेले गुलाम आणि त्यांची बायकापोरे मिळून शेकडो माणसे जागीच मेली होती. असा हा सेनापती 1835 मध्ये मळेवालाही होता. मिकॅनोपीपासून दहा-एक मैल दक्षिणेला आणि फोर्ट किंगच्या वायव्येला सुमारे वीस मैलांवर त्याची ‘ऑल्ड लँग साइन’ नावाची मोठी जमीनदारी होती. तेथे गुलामांच्या श्रमावर ऊस आणि मका पिके आणि साखरेचा कारखानाही होता. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर 1835 च्या शरद ऋतूत याच मळ्याभोवती तट घालण्यात आला. कामावर देखरेख करणाऱ्या कॅप्टन गुस्टाव्हस ड्रेन याचे नाव ठाण्याला मिळाले.

सेनापतीने स्वतःच्याच मळ्यावर सरकारी ठाणे उभारावे, याकडे आज वाचकाची भुवई उंचावल्याशिवाय राहत नाही. त्याची बाजू मांडायची तर असे म्हणता येईल की, त्या भागात इतक्या सैनिकांना पुरेल एवढा मका, गुरे, गोठे आणि छपरे असलेली दुसरी जागा सहज मिळण्यासारखी नव्हती आणि फोर्ट किंगला रसद पोहोचवण्याच्या वाटेवरच हा मळा होता. तरीही खासगी हित आणि सरकारी गरज यांची येथे झालेली सरमिसळ नजरेआड करता येत नाही. तिचा पहिला परिणाम तर लगेचच दिसला. 1835 च्या नाताळाच्या सुमारास क्लिंचने फोर्ट किंगमधील बहुतेक शिबंदी आपल्या मळ्यावर हलवली आणि फोर्ट किंगमध्ये जेमतेम एक कंपनी उरली. 28 डिसेंबरला संध्याकाळी एजंट वायली थॉम्प्सन एका अधिकाऱ्यासह तटाबाहेर फिरायला पडला असताना, सहा महिन्यांपूर्वी ज्याला थॉम्प्सनने बेड्या घातल्या होत्या त्या ऑसिओला या सेमिनोल पुढाऱ्याने दबा धरून त्याला ठार मारले. तटाबाहेर असलेल्या दुकानात जेवायला बसलेला व्यापारीही मारला गेला. आत उरलेले मूठभर सैनिक बाहेर पडण्याच्या स्थितीत नव्हते.

त्याच दिवशी टँपा बेजवळच्या फोर्ट ब्रूकहून फोर्ट किंगकडे कुमक घेऊन निघालेली मेजर फ्रान्सिस डेडची शंभराहून अधिक सैनिकांची तुकडी वाटेत जवळजवळ पूर्णपणे कापली गेली. त्यातले तिघे जखमी अवस्थेत परतू शकले. हे क्लिंचला माहीत नव्हते. 29 डिसेंबरला तो सुमारे 250 खडे सैनिक आणि रिचर्ड कीथ कॉलच्या हाताखालचे सुमारे 500 फ्लोरिडा स्वयंसेवक घेऊन फोर्ट ड्रेनमधून विथलाकूची नदीकडे निघाला. स्वयंसेवकांच्या नोकरीची मुदत वर्षाअखेरीस संपत असल्यामुळे त्याला घाई होती. 31 तारखेला नदीवर पोहोचल्यावर उतार सापडेना आणि हाताशी एकच जुनी होडी. खडी फौज पाच-सात, पाच-सात जणांच्या खेपा करत पलीकडे गेली आणि तेवढ्यात सेमिनोलांनी तिला गाठले. बहुतेक स्वयंसेवक अलीकडच्या काठावरच राहिले. ते मुद्दाम राहिले की उतरायला साधन नव्हते म्हणून राहिले, यावर क्लिंच आणि कॉल यांचे समर्थक पुढे वर्षानुवर्षे भांडत होते. चार सैनिक मेले आणि 59 जखमी झाले. या जखमींना घेऊन क्लिंच फोर्ट ड्रेनला परतला, स्वयंसेवक मुदत संपल्याबरोबर घरोघर गेले, आणि मळ्याचे ठाणे एका रात्रीत रुग्णालय झाले.

पुढचे तीन महिने हा या किल्ल्याचा भरभराटीचा काळ म्हणायचा. आजूबाजूच्या वस्त्यांतील कुटुंबे जीव वाचवण्यासाठी तटाच्या आत येऊन राहिली होती. जनावरे, गाड्या, जखमी, बायकामुले, अधिकारी आणि गुलाम हे सगळे एकाच आवारात. रसद सेंट जॉन्स नदीला मिळणाऱ्या ब्लॅक क्रीकवरील गॅरीज फेरी या धक्क्यावरून बैल आणि खेचरांच्या गाड्यांनी कित्येक मैल वाळूच्या वाटेने यायची, आणि ती कधीच पुरी पडायची नाही.

फेब्रुवारीत जनरल एडमंड गेन्स न्यू ऑर्लिन्सहून सुमारे अकराशे माणसे घेऊन टँपाला उतरला. डेडच्या सैनिकांचे सांगाडे पुरून तो फोर्ट किंगला पोहोचला, तर तेथे खायला फारसे काही नव्हते. क्लिंचने आपल्या साठ्यातून काही दिवसांचा शिधा दिला. परतीच्या वाटेवर विथलाकूचीच्या काठी सेमिनोलांनी गेन्सला आठवडाभर कोंडून धरले. त्याच्या माणसांनी घोडे आणि खेचरे मारून खाल्ली. खुद्द गेन्सच्या ओठावर गोळी लागून त्याचे दोन दात पडले, तरी तो जागचा हलला नाही. तेथून थोड्याच अंतरावर फोर्ट ड्रेनमध्ये क्लिंच होता, पण मोहिमेची सूत्रे ज्याच्याकडे सोपवली होती तो जनरल विनफिल्ड स्कॉट आणि गेन्स यांचे ज्येष्ठतेवरून जुने हाडवैर होते आणि आपल्या मोहिमेसाठी साठवलेली रसद गेन्सला देऊ नये असे स्कॉटचे मत होते. क्लिंच अखेर गुरे आणि धान्य घेऊन निघाला आणि 6 मार्चला पोहोचला. त्या क्षणी सेमिनोल प्रमुख गेन्सच्या अधिकाऱ्यांशी शस्त्रसंधीची बोलणी करत होते. क्लिंचच्या आघाडीच्या स्वारांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि बोलणी तेथेच उधळली गेली. हे युद्ध आणखी सहा वर्षे चालले हे लक्षात घेता ती पाच-दहा मिनिटे फार महागात पडली, असे मला वाटते.

मार्चच्या मध्यावर गेन्स आणि स्कॉट हे दोघेही फोर्ट ड्रेनमध्ये एकाच वेळी होते. दोन वैरी जनरल आणि त्यांच्यामध्ये यजमान म्हणून मळ्याचा मालक! गेन्स निघून गेला, आणि 26 मार्चला स्कॉटची तीन दिशांनी आखलेली मोठी मोहीम सुरू झाली. तिची एक फळी फोर्ट ड्रेनमधून, दुसरी पूर्वेच्या व्होल्युशियाहून आणि तिसरी टँपाहून निघाली. तोफांचे बार काढून एकमेकांना खूण करायची आणि सेमिनोलांना मध्ये चेपायचे, असा बेत होता. दलदल, वाटाड्यांची वानवा आणि रसदीची ओढाताण यांतून तिन्ही फळ्या एप्रिलच्या सुरुवातीला टँपाला कशाबशा पोहोचल्या. मध्ये चेपायला कोणीही सापडले नव्हते. तोफांच्या खुणा मात्र सेमिनोलांना नक्कीच ऐकू गेल्या असणार.

यानंतर उन्हाळा आला. क्लिंच सैन्याचा राजीनामा देऊन जॉर्जियात निघून गेला आणि मळ्यावरील पिके उभीच राहिली. फोर्ट किंग वसंत ऋतूतच सोडून देण्यात आला होता. जूनमध्ये मिकॅनोपीच्या फोर्ट डिफायन्सपुढे ऑसिओलाशी चकमक जिंकणारा मेजर ज्युलियस हायलमन महिनाही न लोटता फोर्ट ड्रेनमध्ये आजाराने वारला. जुलैपर्यंत आजारी सैनिक आणि अधिकारी इतके झाले की पहाऱ्याला माणसे पुरेनात, आणि वैद्यांच्या सल्ल्याने ठाणे सोडण्याचे ठरले. 19 जुलैला 22 गाड्यांचा तांडा कॅप्टन विल्यम मेटलंडच्या 62 माणसांच्या संरक्षणाखाली मिकॅनोपीकडे निघाला. गाड्यांत आजारी माणसे आणि सामान होते. फोर्ट डिफायन्सचा तट जेमतेम पाव मैलावर राहिला असताना वेलिका तळ्याजवळ ऑसिओलाच्या लोकांनी त्यांना गाठले. फोर्ट डिफायन्समधून कुमक धावून आली म्हणून तांडा वाचला.

यापुढचा प्रसंग सहसा एका ओळीत उरकला जातो, पण मला तो या साऱ्या हकिकतीत सर्वांत बोलका वाटतो. लष्कर गेले आणि ऑगस्टमध्ये ऑसिओलाचे लोक त्याच मळ्यावर येऊन राहिले. मका तयार होता. ऊस उभा होता. ऊस लावणाऱ्यांना सांगायला नको की, या पिकाला वर्षभर राबावे लागते. क्लिंचच्या गुलामांनी राबून वाढवलेले ते पीक आता त्याच्या शत्रूच्या तोंडी लागले. 21 ऑगस्टला पहाटे मिकॅनोपीहून मेजर बेंजामिन पिअर्स 110 माणसे आणि एक तोफ घेऊन आला आणि सूर्योदयाला त्याने हल्ला चढवला. तासभर चकमक झाली, सेमिनोल दाट झाडीत सरले आणि तेथून त्यांना हुसकता येईना, तेव्हा पिअर्स परत फिरला. हा पिअर्स म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन पिअर्सचा थोरला भाऊ. आजचे फोर्ट पिअर्स शहर याच्याच नावाचे आहे. लढाई जिंकल्याचा अहवाल गेला खरा, पण तीन-चार दिवसांत खुद्द फोर्ट डिफायन्सही आजारपणामुळेच सोडावा लागला.

ऑक्टोबरमध्ये कॉल टेनेसीचे स्वयंसेवक घेऊन आला, तेव्हा सेमिनोल नुकतेच निघून गेले होते. त्याने काही दिवस फोर्ट ड्रेनचा तळ म्हणून उपयोग केला. सरकारने भरती केलेल्या क्रीक जमातीच्या पलटणीचा प्रमुख जॉन लेन याच मुक्कामात आजार आणि थकव्याच्या भरात आपल्या तंबूत स्वतःच्या हाताने मरण पावला. त्यानंतर युद्धाचा भार दक्षिणेकडे सरकत गेला आणि फोर्ट ड्रेन मागे पडला. पहिली मेख ठोकल्यापासून शिबंदी निघून जाईपर्यंतचा हिशेब केला तर तो जेमतेम नऊ-दहा महिन्यांचा भरतो.

प्रश्न : मागे एका लेखात फ्लोरिडातील हे किल्ले लाकडाचे होते असे आपण लिहिले होते. सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. लाकडी कुंपणाला किल्ला म्हणायचे का, आणि त्याने संरक्षण काय होणार?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : संरक्षण पुरेसे होत असे, कारण समोरच्याकडे तोफा नव्हत्या. सेमिनोलांजवळ बंदुका होत्या, नेम उत्तम होता, पण बंदुकीची गोळी पाइनच्या जाड ओंडक्यातून आरपार जात नाही. तेव्हा दगड फोडून, चुना भाजून, वर्षानुवर्षे बांधकाम करण्याची गरजच नव्हती. फ्लोरिडाच्या अंतर्भागात तसा दगड सहजी मिळतही नव्हता. शिंपल्यांच्या दगडाचा जो भक्कम किल्ला सेंट ऑगस्टीनच्या समुद्रकाठी आहे, तो स्पॅनिशांनी सतराव्या शतकात बांधायला घेतला, तो युरोपीय आरमारांच्या भीतीने.

बांधण्याची रीत साधी होती. पाइनचे उंच, सरळसोट बुंधे तोडायचे, उभे चिरायचे, वरचे टोक तासून अणकुचीदार करायचे आणि खंदकासारख्या चरात एकाला एक लागून उभे रोवायचे. फोर्ट ड्रेनचा तट सुमारे बारा फूट उंच होता. छातीच्या उंचीवर ठरावीक अंतराने जंग्या पाडलेल्या असत, म्हणजे आतला माणूस सुरक्षित राहून नेम धरू शके. कोपऱ्यात दुमजली लाकडी घर बांधत आणि त्याचा वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत, त्यामुळे तटाच्या बुडाशी आलेल्या शत्रूवरही वरून मारा करता येई. फोर्ट ड्रेनमध्ये अशा घरात तोफ ठेवलेली होती. शंभर-दोनशे माणसे कामाला लावली तर असे ठाणे काही दिवसांत उभे राही. ओलसर जमिनीत आणि वाळवीच्या मुलुखात ते कुजायलाही चार-पाच वर्षे पुरत, पण तोवर त्याची गरज संपलेली असे.

गडाचा हेतू मुलूख धरून ठेवण्याचा असतो. या ठाण्यांचा हेतू रस्ता, पूल, धान्य आणि आजारी माणसे सांभाळण्याचा होता. खुद्द ठाण्यांचेच आयुष्य किती तोकडे असू शके, याची दोन उदाहरणे 1836 च्याच वसंत ऋतूतली आहेत. स्कॉटने टँपाकडे जाताना आजारी आणि जखमींना सांभाळण्यासाठी मेजर मार्क अँथनी कूपरला जॉर्जियाच्या स्वयंसेवकांसह आजच्या इन्व्हर्नेस गावाजवळच्या तळ्याकाठी मागे ठेवले. त्यांनी घाईने उभारलेला फोर्ट कूपर पंधरवड्याहून थोडाच अधिक काळ नांदला आणि त्यातले बहुतेक दिवस सेमिनोलांच्या वेढ्यात गेले. सुटका करायला क्लिंचची फळी आली आणि सगळे निघून गेले. दुसरे उदाहरण हिल्सबरो नदीवरील फोर्ट अलाबामाचे. मार्चमध्ये बांधलेला हा तट एप्रिलच्या अखेरीस सोडताना सैनिकांनी दारूकोठाराच्या दाराला भरलेली बंदूक अशी बांधून ठेवली की, दार उघडताच चाप ओढला जावा. तुकडी फार लांब गेली नव्हती तेवढ्यात मागे प्रचंड स्फोट ऐकू आला. त्याच जागी डिसेंबरात नव्याने बांधलेला फोर्ट फॉस्टर हा मात्र पूल राखण्यासाठी 1838 पर्यंत, अधूनमधून का होईना, वापरात राहिला.

पुढे जनरल झॅकरी टेलरने तर ठाण्यांचा सपाटाच लावला. उत्तर फ्लोरिडाचे वीस-वीस मैलांचे चौकोन पाडून प्रत्येकात एक ठाणे ठेवायचे, अशी त्याची योजना होती. त्याच्या कारकिर्दीत 53 नवी ठाणी आणि 848 मैलांचा गाडीरस्ता झाला. यांतील अनेकांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत, आणि काहींची मात्र शहरे झाली.

प्रश्न : फोर्ट ड्रेनमधील आजार नेमका कोणता होता? त्या काळी त्यावर काय उपचार करीत? मी निवृत्त डॉक्टर असल्यामुळे विचारते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मुख्यतः हिवताप, जोडीला हगवण आणि इतर ताप. लक्षणांच्या नोंदींवरून हा तर्क करता येतो, कारण ‘पाळीचा ताप’ आणि ‘उतरता-चढता ताप’ अशा वर्गवारीत त्या काळचे वैद्य नोंदी करीत. दलदलीतील कुजक्या पाल्यापाचोळ्यातून निघणारी दूषित हवा हे कारण मानले जाई. त्यामुळे ठाणे उंच आणि कोरड्या जागी हलवणे हा पहिला उपाय असे, आणि कारण चुकीचे असूनही तो थोडाफार लागू पडे, कारण डासही मागे राहत. डास आणि हिवताप यांचे नाते रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवून दिले ते 1897 मध्ये, म्हणजे फोर्ट ड्रेन ओस पडल्यावर एकसष्ट वर्षांनी.

उपचारांत रक्त काढणे आणि पाऱ्याच्या संयुगाचे जुलाब हे सर्रास चालत. क्विनीन 1820 मध्येच सिंकोनाच्या सालीतून वेगळे काढण्यात आले होते, पण ते ताप उतरल्यावरच आणि तेही थोड्या प्रमाणात द्यावे असा वैद्यांचा आग्रह असे. या समजुतीला फ्लोरिडातच तडा गेला. बेंजामिन हार्नी या लष्करी शल्यवैद्याने ताप चढलेला असतानाही क्विनीनच्या मोठ्या मात्रा द्यायला सुरुवात केली, इतर वैद्यांनी त्याचे अनुकरण केले आणि पुढे ती लष्करात रूढ झाली. आपल्यासारख्या वैद्यकीय व्यवसायातील वाचकाला या युद्धातून मिळालेला हाच धडा अधिक मोलाचा वाटेल. त्याची किंमत काय पडली, हेही सांगितले पाहिजे : सात वर्षांत खड्या फौजेतील 1,466 माणसे मेली आणि त्यांपैकी लढाईत मेलेली 328 होती.

सेमिनोलांना ताप येत नसे असा समज तेव्हाच्या सैनिकांत होता. तो खरा नव्हता. ऑसिओला स्वतः पुढे वारंवार तापाने आजारी पडू लागला, आणि त्याला हा हिवताप फोर्ट ड्रेनच्या मुक्कामातच जडला असावा, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

प्रश्न : या सगळ्या हकिकतीत लष्कराचेच कागद बोलतात. सेमिनोलांचे काय झाले?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. सेमिनोल ही मुळात एक जमात नव्हती. जॉर्जिया-अलाबामाकडून आलेले क्रीक लोक, आधीपासून असलेले रहिवासी आणि मळ्यांतून पळून आलेले काळे लोक यांच्या वस्त्या मिळून ती घडत गेली. मळेवाल्यांना जमीन तर हवी होतीच, पण हे काळे लोकही परत हवे होते. म्हणून ही लढाई जमिनीइतकीच गुलामगिरीची होती, आणि क्लिंचच्या ‘ऑल्ड लँग साइन’वर तर या दोन्ही गोष्टी एकाच कुंपणात होत्या. 1835-36 च्या हिवाळ्यात पूर्वेकडील मळ्यांतून शेकडो गुलाम निघून सेमिनोलांना मिळाले, हा त्या वेळी मळेवाल्यांच्या सर्वांत मोठ्या धास्तीचा विषय होता.

ऑसिओला हा वंशपरंपरेने प्रमुख नव्हता. पराक्रम आणि ठामपणा यांच्या जोरावर तो पुढे आला. 1837 च्या ऑक्टोबरात तो सेंट ऑगस्टीनजवळच्या फोर्ट पेटनबाहेर पांढरे निशाण लावून बोलणी करायला आला असताना जनरल टॉमस जेसपच्या हुकमाने त्याला पकडण्यात आले. या दगाबाजीबद्दल जेसपवर खुद्द अमेरिकेत इतकी टीका झाली की उरलेले आयुष्य तो खुलासे करत राहिला. 30 जानेवारी 1838 रोजी चार्ल्स्टनजवळच्या फोर्ट मोल्ट्रीत ऑसिओला वारला. घशातील गळू आणि आधीपासूनचा हिवताप ही कारणे सांगतात. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर वीडनने पुरण्यापूर्वी त्याचे शिर कापून ठेवून घेतले.

ऑगस्ट 1842 मध्ये कर्नल विल्यम वर्थने युद्ध संपल्याचे जाहीर केले, तोवर जवळजवळ चार हजार सेमिनोलांना आजच्या ओक्लाहोमाकडे पाठवण्यात आले होते. काही शेकडा माणसे दक्षिणेच्या दलदलीत राहिली आणि 1855 ते 1858 च्या तिसऱ्या युद्धानंतरही ती सगळी गेली नाहीत. त्यांचे वंशज आज फ्लोरिडात आहेत. फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीला 1957 मध्ये आणि मिकोसुकी जमातीला 1962 मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली. मुंबईकरांना ज्याचे नाव परिचित आहे त्या हार्ड रॉक उद्योगाची मालकी 2007 पासून याच सेमिनोल जमातीकडे आहे.

युद्ध संपले त्याच 1842 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने आणखी एक कायदा केला. हत्यार चालवू शकणाऱ्या वसाहतदाराने पाच वर्षे राहून पाच एकर जमीन लागवडीखाली आणली, तर त्याला 160 एकर जमीन फुकट मिळणार होती. लष्करी ठाण्यांचे काम पुढे कोण चालवणार, याचे उत्तर त्या कायद्यात आहे.

प्रश्न : आम्ही टँपाला राहतो. मुलांना घेऊन या युद्धाशी संबंधित कोणती ठिकाणे पाहता येतील?
— एक वाचक, टँपा

उत्तर : फोर्ट ड्रेनच्या जागी पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही, म्हणून त्याच्या शोधात वेळ घालवू नये. आपल्या सर्वांत जवळ हिल्सबरो रिव्हर स्टेट पार्क आहे. तेथे फोर्ट फॉस्टर मूळ जागी पुन्हा बांधलेला आहे. त्याच्या तटाला हात लावून, जंगीतून बाहेर पाहून मुलांना जे कळेल ते नकाशावरून कळणार नाही. तेथून उत्तरेला बुशनेलजवळ डेडच्या तुकडीचे रणांगण जतन केलेले असून, डिसेंबरअखेरीच्या त्या लढाईचा प्रसंग दरवर्षी हिवाळ्यात तेथे उभा केला जातो. इन्व्हर्नेसला फोर्ट कूपरचे उद्यान आहे. ओकालात फोर्ट किंगचा तट अलीकडच्या काळात पुन्हा उभारण्यात आला आहे. आपण सेंट ऑगस्टीनपर्यंत जाणार असाल, तर तेथील राष्ट्रीय दफनभूमीत शिंपल्यांच्या दगडाचे तीन बुटके पिरॅमिड जरूर पाहावेत. डेडच्या तुकडीतील सैनिकांसह या युद्धात मेलेल्या अनेकांच्या अस्थी 1842 मध्ये तेथे एकत्र पुरण्यात आल्या. पेन्स प्रेअरी आणि मिकॅनोपी ओकालाहून तासाभराच्या आतच आहेत. उन्हाळ्यात जाणार असाल तर डासांवरचे मलम बरोबर ठेवावे.